दोन गाठींचा पाला

तिसरा दिवस उजाडला तरी धुळाप्पाचं पोट हललं नाही.

दवाखान्यातल्या खाटेवर तो उताणा पडला होता. पोट उन्हात तापवलेल्या ढोलासारखं ताठ झालं होतं. नाकात नळी, हातात सुई, ओठ उन्हाळ्यातल्या तळ्यासारखे तडकलेले. सिस्टर येऊन पोटावर नळी लावून ऐकायची आणि मान हलवून जायची. आत काही वाजत नव्हतं. धुळाप्पा मात्र गप्प नव्हता.

"ए काळुंगे, माघारी फिर. ओढ्याच्या वगळीत लांडगा हाय."

थोरला मुलगा कुमार उशाशी बसून हे ऐकत होता. काळुंगी ही मेंढी कुमार जन्मायच्या आधी मेलेली. तिचं नाव त्यानं लहानपणी गोष्टीत ऐकलं होतं. मार्केट यार्डातल्या अडतीवर कांद्याच्या लिलावात ओरडून ओरडून कुमारचा आवाज कायमचा बसलेला होता.

डॉक्टर हेमावती अक्कलकोटकडच्या. बोलायच्या सावकाश, शब्द मोजून. त्यांनी कुमारला बाजूला घेतलं.

"फोटोत कुठं अडथळा दिसत नाही, बघा. गाठ नाही, पीळ नाही. आतड्यांत नुसती हवा भरलीय. आतडी चालायचीच थांबलीत. लघवी पण आपली आपण होईना, म्हणून नळी घातली. आणि ही बडबड, डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या. हे सगळं एकत्र का, ते मला जुळत नाही. तुम्ही औषधं कुठली म्हणालात?"

"दम्याचा पंप. बीपीची गोळी."

"घरगुती?"

"सोनामुखीचा काढा. पोट साफ व्हायला. ते तर त्यांचं लहानपणापासून चालू आहे."

"सोनामुखीनं असं व्हायला नको. तिनं उलट आतडी पळतात." डॉक्टरीणबाईंनी हातातला फोटो पाकिटात सरकवला. "संध्याकाळपर्यंत वाट बघू. पोट आणखी फुगलं तर उघडून बघावं लागेल. या वयात, या दम्यात भूल सोसेलच अशी खात्री मी देत नाही. घरच्यांशी बोलून घ्या."

घरचे दुपारी आले. धाकटा बिरुदेव सांगोल्याकडच्या वाडीवरून जीप घेऊनच आला होता आणि जीपमध्ये मागं गादी अंथरलेली होती. कुमारनं ती खिडकीतून बघितली आणि भाऊ काय ठरवून आलाय ते त्याला कळलं. बिरुदेवच्या खांद्यावर बापाचं घोंगडं होतं. त्याच्यामागून आत्या, धुळाप्पाची धाकटी बहीण मायाक्का, पायऱ्यांना हात लावत लावत चढली.

व्हरांड्यातच दोघा भावांचं सुरू झालं.

"दादा, आबाचं पोट फाडून त्यांना मारायचं ठरवलंस व्हय?"

"कुणी ठरवलंय? डॉक्टर म्हणतात, लागलं तर."

"लागलं तर म्हंजी लागनारच की. मला घरी न्हेऊ दे. आपल्या माळावर, आपल्या मान्सांत जातील."

"जातील म्हणजे? तू धरूनच चाललायस."

"अरं, ते आज्ज्याला हाका मारायलेत. मेलेल्या मेंढरांस्नी नावानं बोलवायलेत. न्ह्यायला आल्यात ती समदी. तुला कळंना का?"

"तुझं एखादं कोकरू फुगलं तर तू रात्रीत जनावराचा डॉक्टर आणतोस, बिरु. बापाला मात्र माळावर न्यायचं."

बिरुदेव घोंगडं दुसऱ्या खांद्यावर टाकत म्हणाला, "माळावर हुते तवर त्येंचा कोठा कधी बसला न्हवता. तुज्या फ्लॅटात आल्यावर बसला. तितं चालायचं कुटं? ग्यालरीत?"

हा जुना घाव होता. दम्यासाठी बापाला सोलापुरात आणायचं कुमारनं ठरवलं तेव्हापासून बिरुदेवच्या मनात तो ठसठसत होता. कुमारची बायको विजयमाला तेवढ्यात डबा घेऊन जिना चढत होती. तिनं शेवटचं वाक्य ऐकलं. ती भिंतीच्या कडेनं आत गेली.

"आत्या, तू तरी सांग याला," कुमार म्हणाला.

"मला इचारू नगा," मायाक्का म्हणाली. "आदी मला त्याला बगू द्या. पर बिरुचं खोटं न्हाय. हितं परक्यात मरन नगं."

ती खाटेशी गेली.

धुळाप्पा चादरीवरून काहीतरी वेचत होता. दोन बोटांनी उचलायचा, डाव्या मुठीत ठेवायचा, परत उचलायचा. बाकीच्यांना ते भ्रमाचं चिन्ह वाटलं असेल. मायाक्काला ती बोटं ओळखू आली.

"काय करतोस, आण्णा?"

"लोकर. वली हाय. येगळी ठिवली न्हाय तर बा वराडंल." त्यानं तिच्याकडं बघितलं, पण तिच्याकडं नव्हे, तिच्या मागं कुठंतरी. "माये, तू अजून हितंच? जा, कुत्र्यास्नी भाकर टाक."

मायाक्कानं ओंजळ पुढं केली. तो एकेक पुंजका उचलून तिच्या ओंजळीत ठेवत गेला. तिथं काही नव्हतं. तरी ओंजळ भरत आल्यासारखे तिचे हात जड होत गेले.

भीमेच्या काठानं मेंढरं घेऊन फिरायचे ते दिवस होते. दिवाळी झाली की बा कळप घेऊन निघायचा. घोड्यावर संसार, संसारावर कोंबड्या, त्यांच्यावर मायाक्का. रोज नवं रान. मेंढरं ज्या रानात बसतील त्या रानाचा मालक जोंधळे द्यायचा, कारण लेंड्यांनी त्याचं पीक पुढच्या साली हातभर उंच यायचं. रात्री जाळाभोवती बा औषधाची पोतडी सोडायचा. त्यात नुसती फडकी. बाला अक्षर येत नव्हतं, म्हणून गाठी. हळद, हिंग, ओवा ही वासानं कळतात, त्यांना गाठीची गरज नाही. पण वाळलेला पाला सगळा एकसारखाच. एका गाठीच्या फडक्यात सोनामुखी. दोन गाठींच्या फडक्यात धोतरा.

"एक गाठ पळवती, दोन गाठी थांबवत्यात," बा म्हणायचा. पोट बसलं तर एक गाठ, काढा करून प्यायची. दम लागून छाती भात्यासारखी पळायला लागली तर दोन गाठी, तीही नुसती चिलमीतून, दोन झुरके, आणि पोटात कधी नाही. मग तो पोतडी घोंगड्याखाली सरकवायचा आणि दोघा भावंडांना अंधारात हात घालायला लावायचा. बोटांनी ओळखा. धुळाप्पा कधी चुकला नाही. मायाक्का चुकली की तो तिचं बोट धरून गाठीवरून फिरवायचा.

त्याच गाठी मारून ती दर दिवाळीला भावासाठी दोन फडकी सोलापूरला आणायची.

"आत्याबाई." मागून विजयमालानं हळू हाक मारली. "जरा बाहेर येता का?"

विजयमाला सोलापुरातच वाढलेली. सासरची मेंढरं तिनं लग्नात पहिल्यांदा जवळून पाहिली. सासऱ्याशी तिचं जमलं ते या काढ्यामुळं. फ्लॅटवर आल्यावर धुळाप्पा दोन महिने तिच्याशी फारसं बोललाच नव्हता. मग एकदा संकोचानं म्हणाला, "सूनबाई, त्यो पाला जरा कडवून देशीला का?" त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ती काढा करून द्यायची. तो पेला तोंडाला लावायचा, तोंड वाकडं करायचा आणि म्हणायचा, "बाच्या हाताची चव न्हाय, पर चालतंय." दोघांमध्ये एवढंच बोलणं व्हायचं, पण रोज व्हायचं.

हात धुवायच्या जागेपाशी तिनं पिशवीतून थर्मास काढला.

"मी केला आहे. काल पण दिला, परवा पण. सिस्टर नसताना, दोन-दोन घोट. तोंडानं काही द्यायचं नाही म्हणतात, पण तुम्ही फोनवर म्हणाला होता ना, देत राहा म्हणून."

"म्हनले हुते. त्येचा कोठा जडच हाय, बापासारका."

"आज जास्त पाला घातला. दाट केला आहे. संध्याकाळच्या आत पोट मोकळं झालं तर ऑपरेशन टळेल. तुम्ही दाराशी उभ्या राहा, मी पाजते." तिनं थर्मास छातीशी धरला. "भावजी म्हणतात, माझ्या घरात येऊन त्यांचं असं झालं."

मायाक्कानं तिच्याकडं बघितलं. इतकी वर्षं ही शहरातली सून तिला परकी वाटत आली होती. आज पहिल्यांदा दोघी एका बाजूला होत्या. सगळ्या पुरुषांच्या, डॉक्टरांच्या पाठीमागं.

"आन हिकडं."

तिनं टोपण उघडून विजयमालाच्या हातात दिलं आणि सवयीनं काढ्यात करंगळीचं टोक बुडवून जिभेला लावलं. मुक्या जनावराला पाजायचं ते आधी पाजणाऱ्यानं चाखायचं, हा बाचा नेम होता.

सोनामुखीचा काढा बुळबुळीत, ओकारी आणणारा, पण मागं किंचित गोडसर लागतो. हा कडू होता. नुसता कडू. मायाक्का थुंकली. वास घेतला. परत थुंकून चूळ भरली.

"ह्यो कुटला पाला?"

"तुम्हीच दिलेला की."

"किती गाठीचा?"

"गाठी?"

"फडक्याला गाठी किती हुत्या, पोरी?"

"फडकी मी टाकून दिली, आत्याबाई. नवीन किचन केलं ना आम्ही. त्यांना लोकरीचा वास यायचा, मुंग्या लागायच्या. दोन्हीकडं पालाच होता, सारखाच दिसला. मी दोन बरण्यांत भरला. एक बरणी गेल्या आठवड्यात संपली, मग दुसरी काढली." तिनं मायाक्काकडं बघितलं. "का? वेगळा होता?"

मायाक्कानं थर्मास मोरीच्या कट्ट्यावर ठेवला.

"आन त्येचा दमा? गेला आटवडा कसा हुता?"

"दमा एकदम शांत होता. आम्ही म्हटलं, बरं झालं. पोट तेवढं बसलं. म्हणून तर मी पाला वाढवत गेले. जास्त कडू लागतंय म्हणाले ते, मला वाटलं, दाट झाल्यामुळं."

मग मायाक्कानं तिला सांगितलं. एक गाठ कशाची, दोन कशाच्या. सांगताना तिचं तिलाच ऐकू येत होतं की हे सगळं तिनं या मुलीला आधी कधीच सांगितलं नव्हतं. दोन्ही फडकी ती भावाच्या हातात द्यायची. त्याची बोटं वाचायची. सुनेला सांगायची गरज तिला कधी वाटली नाही.

विजयमालाच्या हातातलं टोपण खाली पडून घरंगळत गेलं. ते उचलायला कुणी वाकलं नाही.

"मी पाजलं," ती म्हणाली. "माझ्या हातानं. रोज." मग खूप हळू, "मला घरात ठेवतील का हे?"

मायाक्का थर्मासकडं बघत होती. समोर मोरी होती. ओतून टाकलं असतं तर कुणाला कळलं नसतं. धोतरा आज ना उद्या उतरला असता. पण आज संध्याकाळी एकतर भावाचं पोट उघडलं असतं, नाहीतर त्याला जीपमध्ये घालून माळावर नेलं असतं. दोन्हीकडं तो मेला असता, मरायचं काही कारण नसताना.

"सांगावं लागंल," ती म्हणाली. "मी सांगते. पाला माजा, गाठ माजी."

"बरणी माझी," विजयमाला म्हणाली. तिनं डोळे पुसले, थर्मास उचलला आणि मायाक्काच्या पुढं चालायला लागली.

डॉक्टर हेमावतींनी काढ्याचा वास घेतला, थेंबभर पांढऱ्या कागदावर टाकून पाहिला, आणि दोघींना खुर्च्यांवर बसवलं. रागावल्या नाहीत.

"आता जुळलं," त्या म्हणाल्या. "धोतऱ्यानं आतड्यांचं चालणंच बंद पडतं. लघवी अडते, तोंड सुकतं, बाहुल्या मोठ्या होतात, माणूस नसलेलं बघायला लागतो. मी दोन दिवस म्हणतेय, नवीन काही पोटात जात नाही तर हे उतरत का नाही. आज कुणी त्यांना काही पाजलंय?"

"आज नाही," विजयमाला म्हणाली. "काल रात्री दिलं होतं."

"मग पोट उघडायचं नाही. सलाईन चालू, नळी चालू, त्याच्यावरचं औषध देऊ. अंगातून उतरलं की आतडी आपली आपण चालतील. वेळ लागेल." उठताना त्यांनी विजयमालाच्या खांद्यावर हात ठेवला. "दिलं ते चुकलं. सांगितलं ते बरोबर केलं."

व्हरांड्यात बिरुदेवला कळलं तेव्हा तो भावजयीकडं वळला.

"वहिनी, तुमी आबाला इख पाजलं व्हय?"

"इख न्हाय, औशद," मायाक्का मध्ये आली. "चुकीचं पाजलं. पर पाजलं. तू इतकी सालं बापाला किती डाव फोन करून इचारलंस, आबा, कोठा कसा हाय म्हनून? तुजी बायकू इचारती का? हिनं रोज कडवून दिलंय. मला एकटीलाच त्येचं जवळचं मानूस म्हनून मिरवायचं हुतं, म्हनून गाठीचं हिला सांगितलं न्हाय. बोलायचं तर मला बोल."

आत्याला बोलायची बिरुदेवची छाती नव्हती.

कुमारनं बायकोकडं बघितलं. विजयमाला त्याच्या नजरेची वाट बघत होती, आणि ती आली तशी तिनं मान खाली घातली. कुमारनं तिच्या हातातली रिकामी पिशवी घेतली आणि आपल्या खांद्याला लावली.

"आता एक घोटाळा झालाय," बिरुदेव थोड्या वेळानं म्हणाला. "मी वाडीवर सांगून टाकलं. पावनं दोन जीपा करून निगाल्यात. शेवटचं बगायला."

"मग?"

"मग काय सांगू त्येंस्नी?"

"सांग, आबा बरे होणारेत," कुमार म्हणाला. "या म्हणावं तसेच. बायकांना म्हणावं, रडायचं तेवढं राहू द्या."

बिरुदेवला हसू फुटलं. ते त्यानं घोंगड्यात तोंड लपवून दाबलं. खांदे हलत राहिले, आणि ते हसणं कुठं संपलं आणि रडणं कुठं सुरू झालं ते कुमारला कळलं नाही. तो धाकट्या भावाजवळ जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं पोटाला नळी लावली, ऐकलं, परत ऐकलं, आणि हसली. गुरगुर चालू झाली होती. डॉक्टर म्हणाल्या, वारा सरला की मला सांगा. मग वाडीवरची सगळी माणसं व्हरांड्यात बसून त्याची वाट बघत राहिली. कुणी चहा आणला तर त्यालाही हळू बोलायला सांगायचे. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा विचारायचा, "झालं का?" आणि विजयमाला लाजून म्हणायची, "अजून नाही."

झालं तेव्हा ते व्हरांड्यापर्यंत ऐकू गेलं. शेजारचा म्हातारा "शाब्बास" म्हणाला. विजयमाला भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, आणि बिरुदेव तिच्यासाठी कपात चहा ओतून घेऊन आला. "घ्या वहिनी," म्हणाला.

धुळाप्पा हळूहळू परत आला.

आधी छत आलं, पांढरं. मग पंखा. मग हातातली सुई. माळ हळूहळू विरत गेला, आणि त्याला तो धरून ठेवता येईना. जाळाची ऊब अजून पायांना लागत होती. बा तिथंच होता, पलीकडच्या बाजूला, चिलीम हातात घेऊन. कुत्री होती. मेंढरं सगळी होती, अगदी लांडग्यानं नेलेलीसुद्धा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते सगळे भास होते, आता येणार नाहीत. धुळाप्पानं मान हलवली. भास चांगले होते, असं त्याला म्हणायचं होतं, पण ते डॉक्टरला सांगायचं नसतं.

दुपारी सगळे जेवायला गेले. उशाशी मायाक्का एकटी राहिली. तिनं ओल्या फडक्यानं त्याचे ओठ पुसले.

"आण्णा, बा दिसला म्हनं तुला."

"व्हय. बसला हुता जाळापाशी."

"कसा हुता?"

"तसाच की. खोकत हुता. मला म्हनला, कळप राखायचं सोडून कुटं गेलतास?"

मायाक्का हसली. फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं, परत बुडवलं. पिळायचं काम संपत नव्हतं.

"आन आय?" तिनं फडक्याकडं बघतच विचारलं. "आय हुती का तितं?"

आई गेली तेव्हा मायाक्का रांगत होती. आईचा चेहरा तिनं कधी पाहिला असेल तर तो तिच्याकडं नव्हता. आयुष्यभर ती तो दुसऱ्यांकडून थोडा थोडा मागत आली होती. चुलत्याकडून, मावशीकडून, भावाकडून.

धुळाप्पानं डोळे मिटले. माळ सगळा शोधला. जाळ, घोडं, पोतडी, बा, कुत्री, मेंढरं. आई नव्हती. कुठंच नव्हती. त्याच्याकडंही तिचा एक हातच तेवढा उरला होता, पीठ लागलेला, मनगटावर हिरवी काकणं.

"हुती," तो म्हणाला.

"काय करत हुती?"

"भाकरी थापत हुती."

"मला इचारलं का?"

"आदी तुलाच इचारलं. म्हनली, बारकी जेवली का?"

मायाक्काचा हात थांबला. फडक्यातून पाणी चादरीवर ठिबकत राहिलं.

"जेवली म्हनून सांगायचं हुतंस की," ती म्हणाली.

"सांगितलं," धुळाप्पा म्हणाला.